मुंबईतील संक्रमण शिबिरे : तात्पुरत्या निवाऱ्याचा कायदा आणि व्यवहार

प्रस्तावना

पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या वृत्तपत्रांत दरवर्षी एक यादी प्रसिद्ध होते. शहर भागातील जुन्या, उपकरप्राप्त इमारतींपैकी ज्या अतिधोकादायक ठरल्या आहेत, त्यांची ती यादी असते. रहिवाशांनी इमारत तत्काळ रिकामी करावी, असे आवाहनही तिच्यासोबत असते. २०२५ साली या यादीत ९६ इमारती होत्या. यादी लागते, नोटिसा चिकटवल्या जातात, काही कुटुंबे बाहेर पडतात आणि अनेक कुटुंबे जागची हलत नाहीत. त्यांपैकी एखाद्या इमारतीचा जिना किंवा अख्खी बाजू भर पावसात खाली आली, की रहिवाशांना वारंवार सूचना देऊनही त्यांनी सहकार्य केले नाही, असे निवेदन प्रशासनाकडून येते.

या निवेदनातील 'असहकार' हा शब्द अभ्यासकाने सहजी स्वीकारू नये. डोक्यावर पडू पाहणाऱ्या छपराखाली माणूस मुलाबाळांसह राहतो, त्या अर्थी दुसरीकडे जाण्यात त्याला त्याहून मोठा धोका दिसत असला पाहिजे. तो धोका कोणता, हे समजून घ्यायचे तर मुंबईतील तात्पुरत्या निवाऱ्याची, म्हणजे संक्रमण शिबिरांची, घडण पाहावी लागते. 'संक्रमण' या शब्दात एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे अभिप्रेत आहे. प्रत्यक्षात निघण्याची तारीख नोटिशीत असते आणि परतण्याची तारीख कोणत्याच कागदावर नसते. प्रस्तुत लेखाचे विवेचन या एका उणिवेभोवती फिरते.

उपकर, मंडळ आणि शिबिर

या प्रश्नाचे मूळ भाडे नियंत्रणात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेले भाडे नियंत्रण १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पक्के झाले आणि शहरातील हजारो खोल्यांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठले. गिरणी कामगार, कारकून, छोटे दुकानदार यांना त्यामुळे शहरात पाय रोवून राहता आले, ही बाब मोलाचीच होती. तथापि, भाड्यातून दुरुस्तीचा खर्चही निघेना. तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली आणि लाकडी तुळया, चुनखडीच्या भिंती, सामायिक संडासांचे गळणारे नळ यांनी आपले काम चालू ठेवले. पागडीच्या व्यवहारात मालकाला वाटा मिळे, तो इमारतीवर खर्च होईच असे नाही. साठच्या दशकात इमारती कोसळण्याचे प्रमाण वाढले. शासनाने नेमलेल्या बेडेकर समितीने १९६८ मध्ये या प्रश्नाचा विचार केला आणि १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला.

या कायद्याची कल्पना त्या काळी धाडसी होती. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागातील जुन्या भाडोत्री इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवायचा, महापालिकेने तो मालमत्ता कराबरोबर गोळा करायचा आणि त्यात शासन व महापालिका यांच्या अनुदानाची भर घालून मंडळाने त्या खाजगी इमारती दुरुस्त करायच्या. ज्या दुरुस्तीपलीकडे गेल्या असतील, त्या पाडून नव्याने बांधायच्या. मालमत्ता खाजगी, पण ती उभी ठेवण्याची जबाबदारी सार्वजनिक, असे हे तत्त्व होते. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती मोजण्यात आल्या. त्यांतील १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातील होत्या. १९७६ च्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियमाखाली पुढे म्हाडा स्थापन झाली आणि हे मंडळ तिचा भाग बनले.

इमारत दुरुस्त करायची किंवा नव्याने बांधायची, तर तेवढा काळ माणसे कोठे ठेवायची? या अगदी व्यवहारी प्रश्नातून संक्रमण शिबिरे जन्माला आली. शीवचे प्रतीक्षानगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, बोरिवलीचे मागाठाणे, मालवणी, अँटॉप हिल, धारावी अशा ठिकाणी एका खोलीच्या गाळ्यांच्या रांगा व इमारती उभ्या राहिल्या. शिबिरांची संख्या ५६ पर्यंत गेली आणि गाळे वीस हजारांहून अधिक झाले. गिरगाव, काळबादेवी, डोंगरी, भायखळा येथील माणसे उपनगरात जाऊन राहतील, त्यांची इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहील आणि ती परत येतील, असा मूळ हिशेब होता.

तो हिशेब का चुकला, याचे एक कारण दुरुस्तीच्या खर्चमर्यादेत सापडते. मंडळाने एका इमारतीवर प्रति चौरस मीटर किती खर्च करावा, याला मर्यादा असते. खर्च तिच्या पलीकडे जाणार असेल तर इमारत दुरुस्तीयोग्य राहत नाही, ती पुनर्रचनेच्या रांगेत जाते. ही रांग निधी, भूखंड आणि मालकाच्या न्यायालयीन हरकती यांमुळे अतिशय हळू सरकते. रहिवाशाच्या दृष्टीने पाहता, त्याची खोली कागदोपत्री एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली, एवढ्याने त्याचा दोन वर्षांचा मुक्काम वीस वर्षांचा होऊ शकतो.

नोटीस एकाची, निवारा दुसऱ्याचा

मुंबईत धोकादायक इमारत रिकामी करून घेण्याचा सर्वसाधारण अधिकार महापालिकेचा आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ अन्वये पडझड झालेली किंवा पडण्याचा संभव असलेली वास्तू पाडण्याची नोटीस महापालिका देते. संरचनात्मक तपासणीनंतर इमारतींचे वर्ग पाडले जातात. 'सी-१' म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. अशा इमारतीचे पाणी व वीज तोडता येते आणि पोलिसांची मदतही घेता येते. अधिकाराची ही बाजू भक्कम आहे. निवाऱ्याच्या बाजूला मात्र तेवढे बळ नाही. इमारत खाजगी असेल, तर नोटीस बजावणाऱ्या महापालिकेवर त्या रहिवाशांना पर्यायी घर देण्याचे सर्वसाधारण बंधन येत नाही. दुर्घटनेनंतर जवळच्या महापालिका शाळेत काही दिवसांची सोय होते, एवढेच. घर देण्याची यंत्रणा आहे ती म्हाडाच्या मंडळाकडे, आणि तीही उपकरप्राप्त इमारतींपुरती. उपनगरांतील खाजगी इमारती उपकराच्या योजनेबाहेर असल्याने तेथील भाडेकरूंना हाही आधार नाही.

याचा परिणाम काय होतो, ते १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत दिसले. केसरबाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीचा भाग कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. कोसळलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा नव्हे, तो अनधिकृत बांधकामाचा होता, अशी भूमिका म्हाडाने घेतली. जबाबदारी म्हाडाची की महापालिकेची, हा वाद ढिगारा उपसला जात असतानाच सुरू झाला होता. बरोबर एका वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्ट भागातील भानुशाली इमारतीचा भाग पडला आणि १० जण दगावले. इमारत कोणाच्या यादीतील, हा प्रश्न प्रशासनाला प्राथमिक वाटतो. राहणाऱ्याला आपण कोणत्या यादीत आहोत याचा पत्ताही नसतो.

महापालिका स्वतः मालक असेल तरी चित्र आपोआप पालटत नाही. माझगावातील बाबू गेनू मंडई इमारतीत महापालिकेचे कर्मचारी राहत होते. २७ सप्टेंबर २०१३ रोजी ती कोसळली व ६१ जणांचा जीव गेला. ही इमारत ब्रिटिशकालीन चाळ नव्हती, अवघ्या तीन-साडेतीन दशकांची होती. तात्पुरत्या निवाऱ्याची गरज केवळ जुन्या चाळींपुरती असते, या समजाला या घटनेने छेद दिला.

शिबिरातील मुक्काम

आता ज्या कुटुंबाने नोटीस मानली आणि जे शिबिरात गेले, त्याचा विचार करू. पात्र रहिवाशाकडून मंडळ महिना पाचशे रुपयांसारखे नाममात्र भाडे घेते. मुंबईच्या बाजारभावाच्या तुलनेत हे जवळजवळ फुकट आहे. म्हणून शिबिर ही सवलत आहे, अशी बाहेरच्यांची समजूत होते. परंतु भाडे हा स्थलांतराच्या खर्चाचा सर्वांत लहान भाग असतो. काळबादेवीत चार घरी धुणीभांडी करणारी बाई मालवणीत गेली की तिची चारही घरे सुटतात. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचा महापालिका दवाखाना, शिधापत्रिकेवरचे दुकान, मतदारयादीतील नाव या साऱ्यांची फेरमांडणी करावी लागते. चाळीच्या तळमजल्यावर ज्यांचा धंदा असतो, त्या शिंप्याला किंवा छापखानेवाल्याला शिबिरातला राहता गाळा गिऱ्हाईक मिळवून देत नाही.

या अडचणी दोन वर्षांसाठी कोणी सोसेलही. मुदत न संपणारी झाली की कुटुंबाच्या आयुष्यातील घटना थांबून राहत नाहीत. मूळ भाडेकरू वारतो. त्याच्या मुलांची लग्ने होतात आणि एका गाळ्यावर तीन बिऱ्हाडांचा हक्क सांगितला जातो. मूळ इमारतीतील भाडेपावती वडिलांच्या नावाची, शिबिरातील ताबापत्र आईच्या नावाचे आणि आधारपत्रिकेवरचा पत्ता तिसराच, अशी कागदांची फारकत होते. पंचवीस वर्षांनी पात्रतेची छाननी निघते, तेव्हा सलग पुरावा सादर करण्याचे ओझे या कुटुंबावरच पडते. इतक्या वर्षांत कार्यालयाने आपले दप्तर किती नीट ठेवले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

येथूनच शिबिरांतील तथाकथित घुसखोरीचा प्रश्न सुरू होतो. शासनाने शिबिरवासीयांचे तीन वर्ग मानले आहेत. 'अ' वर्गात मूळ पात्र रहिवासी येतात. ज्यांनी मूळ रहिवाशाकडून मुखत्यारपत्र किंवा तत्सम कागद करून गाळा घेतला, ते 'ब' वर्गात येतात. कोणताही आधार नसताना ताबा घेतलेले लोक 'क' वर्गातील. अनधिकृत रहिवाशांची संख्या सुमारे आठ हजार असल्याचे म्हाडाकडून सांगितले गेले. त्यांच्यासाठी भाडे अधिक ठेवण्यात आले, सर्वेक्षणे झाली आणि २०१९ मध्ये काही अटींवर त्यांना सामावून घेण्याचे धोरणही शासनाने जाहीर केले.

नैतिक दृष्ट्या 'क' वर्ग सर्वाधिक आक्षेपार्ह दिसतो. समजून घेण्यास 'ब' वर्ग अधिक महत्त्वाचा आहे. माणूस आपला हक्क विकतो केव्हा? परतीची शक्यता त्याला आज हाती पडणाऱ्या रकमेपेक्षा कमी मोलाची वाटते तेव्हा. शिबिरातील गाळ्यांची विक्री कायद्याने निषिद्ध आहे, तरी तिच्यामागे एक साधा हिशेब असतो. ज्या हक्काला तारीख नाही, त्याचे बाजारातील मोल दर वर्षी घटत जाते. मुलीच्या लग्नासाठी किंवा गावी घर बांधण्यासाठी तो हक्क मोडीत काढणारा रहिवासी लबाड असतोच असे नाही. पुढे अधिकृत प्रतीक्षार्थीला गाळा मिळत नाही, कारण गाळे अडकलेले असतात. गाळे अडकतात, कारण मूळ रहिवासी वाट पाहून थकलेले असतात. या साखळीत पोलीस बंदोबस्तात काढलेली घुसखोरविरोधी मोहीम फक्त शेवटच्या कडीला हात घालते.

बृहतसूची

काही इमारती मुळी पुन्हा उभ्याच राहू शकत नाहीत. भूखंड अतिशय अरुंद असतो, त्यातला तुकडा रस्तारुंदीकरणात जातो किंवा विकास आराखड्यात त्यावर आरक्षण पडलेले असते. अशा इमारतींतील रहिवाशांसाठी मंडळ बृहतसूची ठेवते. 'मास्टर लिस्ट' या नावानेच ती शिबिरांत अधिक परिचित आहे. इतर ठिकाणी पुनर्रचित झालेल्या इमारतींत जे अतिरिक्त गाळे मंडळाच्या वाट्याला येतात, ते या सूचीतील लोकांना द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. येथे परत जाण्याची जागाच नाहीशी झालेली असते आणि तिच्याऐवजी अनुक्रमांक आलेला असतो.

या सूचीतील वाटपाबद्दल वेळोवेळी तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये म्हाडाने २६५ पात्र रहिवाशांसाठी संगणकीय सोडत काढून गाळे निश्चित केले. प्रक्रिया खुली झाली, ही सुधारणा निश्चितच म्हणावी लागेल. पण सूचीतील अनेक कुटुंबांचा प्रवास सत्तर-ऐंशीच्या दशकात सुरू झालेला आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे सोडतीच्या दिवशी नातवाने स्वीकारलेल्या ताबापत्राचे स्वरूप वेगळे भासू लागते. आजोबांना मिळालेला तात्पुरता निवारा त्याचे जन्मस्थान असतो.

विकासकाची मध्यस्थी

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या तरतुदीने जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीचा भार मुख्यतः खाजगी विकासकावर टाकला. वाढीव चटईक्षेत्र घ्या, मूळ रहिवाशांना घरे मोफत द्या आणि उरलेली विका, असे तिचे सूत्र आहे. २०३४ च्या नियमावलीनुसार मूळ रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळते. मंडळाच्या गतीने शतकभर पुरले असते ते काम यामुळे पुष्कळ ठिकाणी मार्गी लागले, हे मान्य करायला हवे. संक्रमणाची जबाबदारी मात्र यात विकासकाच्या ताळेबंदाशी बांधली गेली. तो शिबिरातील गाळे मंडळाकडून भाड्याने घेतो किंवा रहिवाशांना मासिक भाडे देतो. घरांचा बाजार मंदावला की भाड्याचे धनादेश थांबतात. इमारत पाडलेली असते, म्हणून परत जाता येत नाही. घर विकत घेणाऱ्या ग्राहकाला जे संरक्षण २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने मिळाले, ते पुनर्वसित भाडेकरूच्या वाट्याला सहसा येत नाही, कारण त्याने घर विकत घेतलेले नसते.

घराऐवजी भाडे

अलीकडे तात्पुरत्या निवाऱ्याचे रूप बदलत आहे. गाळा देण्याऐवजी रोख भाडे द्यावे, ही पद्धत रुळू लागली आहे. तिला चालना देणारा एक महत्त्वाचा प्रसंग माहुलचा होय. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशानुसार हटवल्यानंतर महापालिकेने हजारो कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुल येथील प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत घरे देऊ केली. तेलशुद्धीकरण प्रकल्पांच्या सान्निध्यातील या परिसराच्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच चिंता व्यक्त केली होती. रहिवाशांनी तेथे राहण्यास नकार दिला. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, इतरत्र घर मिळेपर्यंत त्यांना महिना १५ हजार रुपये भाडे व ४५ हजार रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. घर आहे पण ते राहण्याजोगे नाही, म्हणून ते न स्वीकारणे हा गैरवाजवी हट्ट ठरत नाही, हा या प्रकरणातून निघणारा अर्थ पुढील धोरणासाठी मोलाचा आहे.

वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात संक्रमण गाळ्याला पर्याय म्हणून महिना २५ हजार रुपये भाडे ठरले. वरळीतील पहिल्या ५५६ घरांचे ताबे १४ ऑगस्ट २०२५ रोजी देण्यात आले. त्याच वर्षी, शिबिरांतील गाळे अपुरे पडत असल्याने, अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींतील जे रहिवासी स्वतःची सोय करतील त्यांना महिना २० हजार रुपये देण्याचे म्हाडाने जाहीर केले.

रोख भाड्याचे काही लाभ उघड आहेत. कुटुंबाला आपल्या वस्तीजवळ राहता येते. शाळा आणि रोजगार तुटत नाही. शिवाय, ज्याचा विचार फारसा होत नाही असा एक लाभ आहे. रिकाम्या गाळ्यात माणूस वीस वर्षे राहिला तरी शासनाच्या तिजोरीवर दरमहा नवा बोजा पडत नाही, त्यामुळे विलंबाची झळ फक्त त्या कुटुंबाला लागते. रोख भाडे दरमहा द्यावे लागते. विलंबाची किंमत दप्तरात आकड्याने नोंदली जाते आणि कोणाला तरी तिचे उत्तर द्यावे लागते.

या मुद्द्याची दुसरी बाजू इंग्लंडच्या अनुभवातून दिसते. तेथे बेघर कुटुंबाला तात्पुरते निवासस्थान देण्याचे बंधन थेट स्थानिक परिषदेवर आहे. त्याचा आरंभ १९७७ च्या कायद्याने झाला आणि आज त्याचा आधार १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याचा सातवा भाग हा आहे. एप्रिल २००४ पासून अमलात आलेल्या आदेशानुसार मुले असलेल्या कुटुंबाला न्याहारीगृहाच्या खोलीत सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ ठेवणे अयोग्य ठरते. म्हणजे नोटीस देणारा व निवारा देणारा यांच्यातली मुंबईसारखी फारकत तेथे नाही आणि निकृष्ट निवाऱ्याला कमाल मुदतही आहे. तरीही ३१ मार्च २०२५ रोजी इंग्लंडमध्ये १,३१,१४० कुटुंबे तात्पुरत्या निवासात होती आणि २०२४-२५ या वर्षात परिषदांचा त्यावरील खर्च २८० कोटी पौंडांच्या आसपास गेला. अनेक परिषदांची अंदाजपत्रके त्याने मोडकळीस आली. स्वस्त भाड्याची कायमची घरे पुरेशी नसतील, तर हक्क आणि मुदत यांनी प्रश्न मिटत नाही. त्यांनी एवढे मात्र होते की प्रश्न दर तिमाहीला मोजला जातो. मुंबईच्या शिबिरांत कोण किती वर्षे आहे, याची अशी नियमित जाहीर मोजणी झाली असती, तर 'ब' आणि 'क' वर्गांचा गुंता एवढा वाढलाच नसता.

न हलण्याचा अर्थ

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत तेथील समूह पुनर्विकास प्रकल्पाचा भाग होती. ती धोकादायक ठरवली गेली होती. काही कुटुंबे आधीच संक्रमण निवासात गेली होती आणि उरलेल्यांनाही तशी तयारी दाखवल्याचे प्रकल्प राबवणाऱ्या न्यासाने सांगितले. एकाच इमारतीतील काही जण गेले व काही राहिले, ही बाब विचार करण्याजोगी आहे. सर्वांपुढे भिंतीतील तडे सारखेच होते. तेव्हा जाण्या-न जाण्याचा निर्णय तड्यांवर ठरत नाही, तो पलीकडच्या आश्वासनावर किती भरवसा ठेवता येतो यावर ठरतो, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

जुन्या भाडेकरूचा हक्क आणि त्याचा प्रत्यक्ष ताबा यांचे नाते लोकमानसात अतूट आहे. ताबा गेला की सर्व गेले, ही धारणा पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवावर उभी आहे. कायदा खरे तर एवढा कठोर नाही. महापालिकेने धोकादायक इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपुष्टात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातीलच शहा रतनसी खिमजी प्रकरणात दिला. पण निकालपत्रातील हे आश्वासन इमारतीच्या दारावर चिकटवलेल्या नोटिशीपर्यंत क्वचितच पोहोचते. नोटिशीत कलम असते, मुदत असते, परिणामांचा इशारा असतो. तुमची खोली इतक्या चौरस फुटांची, तुम्ही अमुक मजल्यावरील भाडेकरू, इमारत पडली तरी तुमचा हक्क अबाधित, असे नाव घेऊन सांगणारा मजकूर तीत ठळकपणे येत नाही.

कायद्यातील अलीकडच्या दुरुस्त्यांचा रोख वेग वाढवण्यावर आहे. म्हाडा अधिनियमातील नव्या कलम ७९-अ नुसार धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यास सहा महिने, त्याने न दिल्यास भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने आणि त्यानंतर म्हाडाने स्वतः संपादन करून बांधकाम करावे, असा क्रम ठरला. कलम ९१-अ रखडलेले प्रकल्प ताब्यात घेण्याची मुभा देते. २०२५ मध्ये ७९-अ खालील शेकडो नोटिसांच्या वैधतेवर मुंबई उच्च न्यायालयात गंभीर प्रश्न उपस्थित झाले. इमारत धोकादायक आहे हे ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा त्यातला एक मुद्दा होता. भाडेकरूंच्या संस्थेला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम भरून इमारत संपादित करून देण्याची १९८६ ची तरतूदही दीर्घकाळ न्यायालयात होती. तिच्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाचा निर्णय ५ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. इतका काळ त्या इमारती पावसात उभ्याच होत्या.

या सर्व तरतुदी प्रस्तावाची मुदत ठरवतात. परतीची मुदत ठरवत नाहीत. ती ठरवण्यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. इमारत रिकामी करण्याच्या दिवशीच प्रत्येक भाडेकरूच्या खोलीचे मोजमाप घेऊन, कुटुंबातील व्यक्तींची व वारसांची नोंद करून, महापालिका व मंडळ यांच्या संयुक्त सहीचे प्रमाणपत्र देता येईल. त्यावर परतीची अपेक्षित तारीख लिहावी आणि ती टळल्यास त्या दिवसापासून बाजारभावाने मासिक भाडे आपोआप सुरू व्हावे. प्रमाणपत्राची एक प्रत वॉर्ड कार्यालयात, एक मंडळाकडे आणि एक भाडेकरूच्या हातात असावी. गिरगावातील कुटुंबे आजही १९५० सालची भाडेपावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी जपून ठेवतात. शिबिराकडे निघताना त्या पावतीशेजारी ठेवता येईल असा दुसरा कागद त्यांना अद्याप मिळालेला नाही.